कॅमेऱ्याने काय पाहावे?



११ जून २०२४ रोजी कतारची राजधानी दोहा येथे भारत आणि कतार यांच्यात विश्वचषकाच्या पात्रता फेरीतील फुटबॉल सामना झाला. सुनील छेत्री याने पाचच दिवसांपूर्वी कोलकात्यात आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला होता. त्याच्याविना मैदानात उतरलेल्या भारतीय संघाने ३७व्या मिनिटाला छांगटेच्या गोलने आघाडी घेतली. हा सामना जिंकला असता तर भारत पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत प्रथमच पोहोचला असता. ७३व्या मिनिटाला कतारच्या खेळाडूने डोक्याने मारलेला चेंडू गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने अडवला आणि तो गोलखांबाच्या बाजूने अंत्यरेषेबाहेर गेला. आता कॉर्नर मिळणार, असे धरून भारतीय बचावपटू थबकले. तेवढ्यात कतारच्या एका खेळाडूने रेषेपलीकडचा चेंडू पायाने मागे ओढला, दुसऱ्याने तो जाळ्यात टाकला आणि पंचांनी गोल दिला. भारतीय खेळाडूंनी दाद मागितली, पण ती मागायची कोणाकडे? त्या फेरीत व्हिडिओ साहाय्यक पंच, म्हणजे वृत्तपत्रांतून आपण ज्याला व्हीएआर या आद्याक्षरांनी ओळखतो, ती सोयच नव्हती. ८५व्या मिनिटाला कतारने आणखी एक गोल केला आणि भारत २–१ असा हरून स्पर्धेबाहेर पडला.

पडद्यावर दृश्ये पाहून पंचांचे निर्णय तपासण्याच्या या पद्धतीने फुटबॉलचा खेळ सुधारतो की बिघडतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. माझे मत असे की, आज ती ज्या रीतीने वापरली जाते त्या रीतीने ती खेळाला लाभापेक्षा हानीच अधिक करते. असे मत मांडणाऱ्याने दोह्याच्या सामन्याचा उल्लेख टाळला असता तर त्याची सोय झाली असती. परंतु विरुद्ध पक्षाचा सर्वांत बळकट पुरावा आधी मांडावा, हा वैचारिक लेखनाचा संकेत आहे. शिवाय नीट पाहिले तर हा पुरावा माझ्या मताच्या आड येत नाही. तो का येत नाही, हे समजून घेण्यासाठी आपल्या जिल्ह्यातील एका नित्याच्या व्यवहाराकडे वळू.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी धानाची शेती असेल. आधारभूत खरेदी केंद्रावर धान नेल्यानंतर तेथे दोन वेगवेगळे प्रश्न उभे राहतात. पोत्याचे वजन किती, हा पहिला. त्याचे उत्तर इलेक्ट्रॉनिक काटा देतो, आणि काटा खरा असेल तर ते उत्तर शेतकऱ्याला आणि केंद्रावरच्या माणसाला सारखेच मान्य करावे लागते. धान कसे आहे, हा दुसरा प्रश्न. ओलावा मोजण्याचे यंत्र तेथेही असते आणि १७ टक्क्यांची मर्यादाही ठरलेली असते. तरीही दाणा भरला आहे की पोचट आहे, त्याचा रंग उतरला आहे का, काडीकचरा फार आहे का, हे पाहण्यासाठी कोणीतरी मूठभर धान तळहातावर घेऊन नजरेखालून घालावेच लागते. येथे शेतकऱ्याचे आणि ग्रेडरचे मत जुळेलच असे नाही. काटा कितीही अचूक केला तरी हा दुसरा वाद मिटत नाही, कारण तो वजनाविषयीचा वाद नसतोच.

फुटबॉलच्या पंचांपुढेही अशाच दोन जातींचे प्रश्न येतात. काही प्रश्न मोजण्याचे असतात, तर काही अर्थ लावण्याचे. चेंडू रेषेपलीकडे गेला की नाही, हा मोजण्याचा प्रश्न होय. संपूर्ण चेंडूने संपूर्ण रेषा ओलांडली पाहिजे, असे नियम सांगतो. त्यात मतभेदाला जागा नाही. दोह्यात जी चूक झाली ती या जातीची होती. अशी चूक यंत्राने सुधारावी, याविषयी मला तिळमात्र शंका नाही.

किंबहुना अशा ठिकाणी यंत्र आले तेव्हा खेळाने त्याचे स्वागतच केले. २७ जून २०१० रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डने जर्मनीविरुद्ध मारलेला चेंडू आडव्या खांबाला लागून स्पष्टपणे गोलरेषेच्या आत पडला. जगभरच्या प्रेक्षकांना ते दिसले. पंचांना आणि त्यांच्या साहाय्यकाला दिसले नाही. जर्मनीने तो सामना ४–१ असा जिंकला. पुढे जुलै २०१२ मध्ये फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने गोलरेषा तंत्रज्ञानाला मान्यता दिली आणि २०१४ च्या ब्राझीलमधील विश्वचषकात ते वापरले गेले. चेंडू रेषेपलीकडे गेला की एका सेकंदाच्या आत पंचांच्या मनगटावरील घड्याळाला सूचना मिळते. खेळ थांबत नाही, कोणी पडद्याकडे धावत नाही. या तंत्राविरुद्ध कोणी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही.

क्रिकेटमध्ये हे त्याच्याही पुष्कळ आधी घडले. १९९२ साली डर्बनच्या कसोटीत तिसऱ्या पंचांनी चित्रफीत पाहून धावबाद ठरवलेला जगातील पहिला फलंदाज म्हणजे आपला सचिन तेंडुलकर. फलंदाजाची बॅट रेषेच्या आत होती की बाहेर, एवढाच तो प्रश्न होता. आपल्याकडच्या शंकरपटातही बैलजोडीने किती सेकंदांत अंतर कापले याचा निवाडा घड्याळावर सोपवणे कोणाला खटकत नाही. क्रिकेटला आणखी एक सोय आहे. दोन चेंडूंच्या मध्ये तो खेळ आपोआपच थांबतो, त्यामुळे तपासणीला जागा आयती मिळते. फुटबॉल वाहता खेळ आहे. त्यात थांबायचे तर वाहणेच अडवावे लागते.

येथवर वाद नाही. वाद सुरू होतो तो २०१८ पासून. त्या वर्षी मार्च महिन्यात व्हीएआरचा समावेश खेळाच्या नियमांत झाला आणि त्याच उन्हाळ्यात रशियातील विश्वचषकात ती पद्धत वापरली गेली. गोल आहे की नाही, पेनल्टी द्यावी की नाही, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिली गेलेली शिक्षा, अशा चारच बाबतींत व्हिडिओ पंचाने हस्तक्षेप करावा, आणि तोही ‘स्पष्ट आणि उघड’ चूक असेल तरच, अशी मर्यादा घालण्यात आली. मराठीचे विद्यार्थी म्हणून तुमचे लक्ष या दोन विशेषणांकडे जावे. जी चूक शोधण्यासाठी पाच कोनांतून दृश्य पुनःपुन्हा पाहावे लागते आणि तीन मिनिटे खर्ची पडतात, तिला ‘उघड’ म्हणायचे कोणत्या अर्थाने? नियमात शब्द आला की त्याच्या मागोमाग अर्थ लावणारा येतोच, मग तो मैदानात उभा असो वा पडद्यासमोर बसलेला असो.

१५ जुलै २०१८ रोजी मॉस्को येथे फ्रान्स आणि क्रोएशिया यांच्यात अंतिम सामना झाला. १–१ अशी बरोबरी असताना फ्रान्सच्या कॉर्नरवर चेंडू क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला लागला. अर्जेंटिनाचे पंच नेस्तोर पिताना यांनी प्रथम काही दिले नाही. मग कानातल्या यंत्रातून सूचना आली, ते मैदानालगतच्या पडद्यापाशी गेले, बराच वेळ पाहत राहिले आणि परतून त्यांनी पेनल्टी दिली. ग्रिझमनने गोल केला, आणि फ्रान्सने पुढे ४–२ असा विजय मिळवला. चेंडू हाताला लागला होता, यात संशय नाही. कॅमेऱ्याने तेवढे निर्विवादपणे दाखवले. पण नियमाचा प्रश्न तेवढाच नव्हता. हात मुद्दाम गेला की उडी मारताना सहज खाली आला, हा खरा प्रश्न होता, आणि त्यावर निष्णात मंडळींची मते त्या दिवशी दुभंगली, आजही दुभंगलेलीच आहेत. पुढे २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये हाताच्या स्पर्शाच्या नियमाची भाषा बदलण्यात आली. खेळाडूने आपले शरीर ‘अनैसर्गिकरीत्या मोठे’ केले काय, असे आता पाहायचे असते. धावणाऱ्या, घसरणाऱ्या, तोल सावरणाऱ्या माणसाचा हात नैसर्गिक कोठे असतो, हे कोणती भिंग सांगणार?

उलट, भिंग येथे दिशाभूल करते. संथगतीने पाहिलेली प्रत्येक कृती अधिक हेतुपुरस्सर वाटते, असे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखवले आहे. ते प्रयोग गुन्ह्यांच्या चित्रफितींवरही केलेले होते, त्यामुळे न्यायालयांसाठीही ते विचार करायला लावणारे ठरले. याचे कारण साधे आहे. दोन सेकंदांची घटना दहा सेकंद चालली की त्या माणसाला विचार करायला दहा सेकंद मिळाले होते, असे पाहणाऱ्याला वाटू लागते. नियम करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. संथगतीचे दृश्य चेंडू कोठे लागला, खेळाडू कोठे होता, अशा वस्तुस्थितीपुरतेच वापरावे आणि आघाताची तीव्रता किंवा हाताचा गुन्हा ठरवताना नेहमीच्या गतीचे दृश्य पाहावे, असे त्यांच्याच कार्यपद्धतीत लिहिलेले आहे. म्हणजे मी वर केलेला मोजणे आणि अर्थ लावणे हा भेद नियमकर्त्यांनीही मनोमन मान्य केलेला आहे. पण तो मान्य करूनही त्यांनी दुसऱ्या जातीचे प्रश्न पडद्यापुढे नेले, हा माझा आक्षेप आहे.

कोणी म्हणेल, चित्र समोर असले की निदान वाद तरी मिटतो. तसा अनुभव आहे काय? फुटबॉल क्षणभर बाजूला ठेवून आपल्या मातीतल्या खेळांकडे पाहा. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण यांच्यात पुरुषांच्या कबड्डीचा अंतिम सामना २८–२८ अशा बरोबरीवर आला होता आणि जेमतेम मिनिटभराचा खेळ उरला होता. पवन सेहरावतची चढाई चालू असताना तो कोणालाही स्पर्श न करता मैदानाबाहेर गेला आणि त्याच्यामागोमाग इराणचे बचावपटूही गेले. चित्र सर्वांसमोर होते. तरीही गुण कोणाला आणि किती, यावर निर्णय एकदा इकडे तर एकदा तिकडे झुकत राहिला, खेळाडू मैदानातच बसले आणि सामना तासभर खोळंबला. कारण वाद डोळ्यांचा नव्हताच. जुना नियम लावायचा की नवा, याचा होता. शेवटी भारत ३३–२९ असा जिंकला, याचा आनंद आपल्याला आहेच. पण इराणच्या एखाद्या कबड्डीप्रेमीला तो निकाल कॅमेऱ्यामुळे पटला असेल, असे मला वाटत नाही.

त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेतील माती विभागाची महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांची लढत तुमच्यापैकी पुष्कळांनी मोबाईलवर पाहिली असेल. बाहेरची टांग या डावाला चार गुण दिले गेले, ते योग्य होते की नव्हते, यावर राज्यभर कित्येक दिवस रणे माजली. प्रत्येकाच्या खिशात ती चित्रफीत होती. प्रत्येकाने ती थांबवून, मागे नेऊन, मोठी करून पाहिली आणि बहुतेकांना आपले आधीचेच मत तिच्यात सापडले. एकाच कवितेचे दोन समीक्षकांनी केलेले परस्परविरुद्ध अर्थ तुम्ही अभ्यासले असतील. तेथे छापील शब्द दोघांसमोर सारखेच असतात.

आणखी एक प्रसंग भाषेच्या अभ्यासकांसाठी मुद्दाम नोंदवतो. ३० सप्टेंबर २०२३ रोजी लंडनमध्ये टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस डियाझने गोल केला. मैदानावरील साहाय्यक पंचाने ऑफसाइडचा झेंडा दाखवला होता. पडद्यासमोरील पंचांनी रेषा आखून पाहिल्या. डियाझ ऑफसाइड नव्हता, हे त्यांना बरोबर दिसले. पण मैदानावर मूळ निर्णय ‘गोल’ असाच झाला आहे, अशी त्यांची समजूत झाली होती, म्हणून त्यांनी ‘तपासणी पूर्ण’ अशा अर्थाचे दोन शब्द उच्चारले. मैदानावरच्या पंचांनी त्याचा अर्थ ‘तुमचा निर्णय कायम’ असा घेतला. गोल रद्द राहिला, खेळ सुरू झाला आणि मग काही करता येईना. लिव्हरपूल २–१ असा हरला. डोळ्याची चूक टाळण्यासाठी उभारलेल्या साऱ्या यंत्रणेत चूक घडली ती वाणीची. इंग्लंडच्या पंच संघटनेने नंतर ती मानवी चूक असल्याचे मान्य केले. यंत्रे वाढली की माणसे कमी होतात, हा आपला एक भ्रम आहे. येथे तर माणसे वाढली. मुख्य पंच, दोन साहाय्यक, चौथा अधिकारी आणि पडद्यामागचा व्हिडिओ पंच, त्याचा मदतनीस सोडला तरी मोजून पाच होतात. पाचामुखी परमेश्वर म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांना ही संख्या आवडली असती. पण त्या पाचांनी एकमेकांशी स्वच्छ बोलावे, ही अट त्यांनी घातली असती.

मोजण्याच्या प्रश्नांतही एक मर्यादा राहते, ती ऑफसाइडच्या निमित्ताने दिसते. प्रतिपक्षाच्या गोलपाशी ठाण मांडून आयता चेंडू मिळवण्याचा लबाड मार्ग बंद व्हावा, या हेतूने हा नियम आला. आता खेळाडूच्या बुटाचे टोक किंवा खांद्याची कड बचावपटूच्या पुढे किती आहे, हे पडद्यावर रेघा ओढून ठरवले जाते. थोडे गणित करू. सेकंदाला ५० चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमध्ये ०.०२ सेकंदाचे अंतर असते. सेकंदाला १० मीटर वेगाने धावणारा खेळाडू तेवढ्यात २० सेंटिमीटर पुढे सरकतो. म्हणजे चेंडू पायातून सुटल्याचा क्षण नेमका कोणता, हेच ज्यात २० सेंटिमीटरच्या फरकाने धूसर आहे, त्या चित्रावर दोन सेंटिमीटरच्या ऑफसाइडचा निवाडा केला जात होता. २०२२ च्या कतार विश्वचषकात यावर उपाय म्हणून छताखाली १२ कॅमेरे बसवले गेले, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपले गेले आणि चेंडूच्या पोटात सेकंदाला ५०० वेळा संदेश देणारे यंत्र ठेवले गेले. अचूकता निःसंशय वाढली. पण पायाचे बोट पुढे असल्याने खेळाडूला कोणता अन्याय्य लाभ झाला, या प्रश्नाला ५०० संदेशांपैकी एकही उत्तर देत नाही. नियमाचा शब्द पाळला गेला, त्याचा आशय मात्र कोठेतरी मागे राहिला. स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात इक्वाडोरच्या एनर वॅलेन्सियाने तिसऱ्या मिनिटाला केलेला गोल असाच रद्द झाला, तेव्हा मैदानातील हजारो माणसांना तो का रद्द झाला, हेच कळले नव्हते.

आता मी माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. फुटबॉलमध्ये गोल दुर्मीळ असतो. दीड तासाच्या खेळात कधी एक, कधी दोन, कधी एकही नाही. त्यामुळे चेंडू जाळ्यात गेल्याक्षणी जो आनंद उसळतो, त्याची बरोबरी गुणांची बरसात होणाऱ्या खेळांत सापडत नाही. व्हीएआरने घाला घातला आहे तो या क्षणावर. आता गोल झाला की खेळाडू आधी पंचांकडे पाहतो, प्रेक्षक मोठ्या पडद्याकडे पाहतो, आणि दोन-तीन मिनिटांनी परवानगी मिळाली की आनंद करायचा असतो. दिवाळीनंतर आपल्या गावोगावी मंडईच्या निमित्ताने झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात. विनोदी नटाने एखादा टोला मारला आणि मांडवातले दोन हजार लोक हसू लागले, तेवढ्यात सूत्रधाराने येऊन सांगितले की, थांबा, विनोद संहितेप्रमाणे झाला का ते तपासून सांगतो, मग हसा, तर? तपासणीनंतरचे हसू मिळेल, पण ते हसू नव्हे. १७ एप्रिल २०१९ रोजी मँचेस्टरमध्ये भरपाईच्या वेळेत रहीम स्टर्लिंगने गोल केला आणि आपला संघ चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत गेला, असे समजून अवघे मैदान वेडे झाले. काही क्षणांतच ऑफसाइडमुळे गोल रद्द झाला आणि त्याऐवजी टॉटनहॅम पुढे गेला. तो निर्णय बरोबर होता, हे मी मान्य करतो. पण त्यानंतरच्या प्रत्येक गोलवर प्रेक्षक हातचे राखून आनंद करू लागला, ही किंमत कोणी हिशेबात धरली?

स्वीडनमधील प्रेक्षकांनी ती धरली. तेथील क्लबांत मताधिकाराचा मोठा वाटा सभासदांकडे असतो, आणि त्यांच्या विरोधामुळे २०२४ साली तेथे व्हीएआर आणायचे नाही, असे ठरले. शेजारच्या नॉर्वेत २०२४ च्या जुलैमध्ये प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू आणि माशांच्या वड्या फेकून निषेध केला. तरी मार्च २०२५ मध्ये तेथील फुटबॉल संघटनेच्या सभेने ही पद्धत चालू ठेवण्याचाच कौल दिला. इंग्लंडमध्येही जून २०२४ मध्ये २० पैकी १९ क्लबांनी ती राखण्याच्या बाजूने मत दिले. या मतांना मी कमी लेखत नाही. एका चुकीच्या पेनल्टीने संघ खालच्या श्रेणीत ढकलला जातो, त्याबरोबर प्रशिक्षकाची आणि कित्येक कर्मचाऱ्यांची नोकरी जाते. पैसा पणाला लागलेल्या माणसाला आनंदाचा क्षण लांबला तरी चालतो. दोघांचेही खरे आहे. मात्र नियम करताना आवाज पहिल्याचाच ऐकला जातो, हेही तितकेच खरे आहे.

तुम्ही विचाराल, लंडन आणि दोह्याच्या या चर्चेशी देवरीच्या, सालेकशाच्या किंवा अर्जुनी मोरगावच्या मैदानाचा काय संबंध? त्या मैदानांवर कधी १२ कॅमेरे लागणार नाहीत. पण त्या मैदानांभोवती शंभर मोबाईल उभे असतात. मोठ्या सामन्यांत पंचांना पडद्यापाशी बोलावले जाते, हे पाहून वाढलेली पोरे गावच्या कबड्डीत आणि शाळेच्या फुटबॉलमध्येही पंचांच्या तोंडासमोर मोबाईल धरू लागली आहेत. तो कोणत्या कोनातून घेतला, मधे कोण आले होते, याचा विचार नसतो. पंच म्हणून उभा राहणारा बहुधा एखादा शारीरिक शिक्षणाचा शिक्षक किंवा जुना खेळाडू असतो. मानधन म्हणून हाती नारळ आणि टॉवेल. त्याचा निर्णय मान्य करण्यामागे तो कधी चुकत नाही, अशी कोणाचीही समजूत नव्हती. कोणीतरी ठरवल्याखेरीज खेळ पुढे जात नाही, एवढा समंजसपणा त्यामागे होता. पडद्याने या समंजसपणाला सुरुंग लावला. प्रत्येक निर्णय तात्पुरता आहे आणि त्यावर अपील असलेच पाहिजे, ही वृत्ती वरून खाली झिरपत आली.

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादी विभागाच्या अंतिम लढतीत पंचांनी पृथ्वीराज मोहोळ याच्या बाजूने चितपटीचा निर्णय दिला. आपले दोन्ही खांदे टेकले नव्हते, असे शिवराज राक्षे याचे म्हणणे होते, आणि त्या वादात त्याने पंचांची कॉलर धरून त्यांना लाथ मारली. त्याच्यावर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई झाली. खांदे टेकले की नाही, हा माझ्या वर्गीकरणात मोजण्याचा प्रश्न आहे आणि त्यासाठी चित्रफीत पाहण्याची सोय असावी, या मागणीला माझा पाठिंबाच आहे. परंतु सोय नसली तर काय करायचे, हे आपल्या खेळाडूंना कोण शिकवणार? कारण जिल्ह्यातल्या, तालुक्यातल्या शंभरातल्या नव्याण्णव सामन्यांत ती सोय नसणार आहे. चांगला तरुण या लाथेची बातमी वाचून पंचाची शिट्टी गळ्यात अडकवायला तयार होणार नाही, याची मला अधिक चिंता वाटते.

मग करावे काय? मोठ्या स्पर्धांत चेंडू रेषेबाहेर गेला की नाही, गोल झाला की नाही, शिक्षा भलत्याच खेळाडूला झाली काय, एवढे यंत्राकडे द्यावे. ऑफसाइड उघड्या डोळ्यांना एकदा पाहून दिसत असेल तर रद्द करावा, रेघा ओढाव्या लागत असतील तर मैदानावरचा निर्णय राहू द्यावा. पेनल्टी, हाताचा स्पर्श आणि लाल कार्ड मैदानावरील पंचांच्या अधीन ठेवावे. त्यात चुका होतील. १९८६ साली मॅराडोनाने हाताने केलेल्या गोलसारखी एखादी अक्षम्य चूकही होईल. ती टाळता येत असेल तर टाळावी, म्हणून आणखी एक मार्ग मला ग्राह्य वाटतो. जागतिक फुटबॉल संघटनेने २०२४ साली कोलंबियातील २० वर्षांखालील महिलांच्या विश्वचषकात त्याची चाचणी घेतली. त्यात पडद्यासमोर वेगळा पंच बसत नाही. प्रशिक्षकाला सामन्यात दोनदा तपासणी मागता येते, आणि मैदानावरील पंचच ते दृश्य पाहून ठरवतात. मागणी खोटी ठरली की ती संधी गेली. आपल्या प्रो कबड्डीच्या प्रेक्षकांना ही पद्धत नवी वाटणार नाही. तिचा खर्च कमी आहे, तिच्यात मागणाऱ्यावर जबाबदारी आहे, आणि प्रत्येक गोलवर संशयाची सावली पडत नाही. आपल्या देशातील लीगला परवडेल अशी ती आहे. दोह्यात एवढी सोय असती तरी पुरेशी होती.

तालुक्याच्या स्पर्धांबाबत माझी सूचना याहून किरकोळ आहे. सामना सुरू होण्यापूर्वी दोन्ही कर्णधारांना बोलावून सांगावे की, बाहेरच्या मोबाईलमधील चित्रफीत पुरावा म्हणून पाहिली जाणार नाही, तक्रार फक्त कर्णधाराने करायची आणि निर्णय पंचांचा. पंचांच्या मानधनात नारळाखेरीज काही रक्कम धरावी. दोन्ही गोलरेषांवर एकेक जाणता माणूस उभा करावा, तो दोन्ही गावांच्या बाहेरचा असावा. आणि सकाळी टाकलेली फक्की दुपारपर्यंत पुसट होते, तेव्हा मध्यंतरात निदान गोलरेषेवर ती पुन्हा मारून घ्यावी.